विज्ञानक्षेत्रातील विविधतेवरचे संशोधन कसे पारखावे

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या क्षेत्रांत स्त्रिया किंवा वंचित समाजांतील संशोधक कमी का दिसतात, यावरचे अभ्यास बातमीत एका ओळीत येतात. आणि त्या ओळीच्या आधारे धोरणे आखली जातात, कधी एखाद्या मुलीने कोणती शाखा घ्यावी हेही घरात ठरते. म्हणून निष्कर्ष पटतो की नाही याचा विचार करण्याआधी तो कोणत्या पद्धतीने काढला आहे, हे पाहावे. त्यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. मूळ शोधनिबंधातील पद्धतीचा भाग, तक्ते आणि मर्यादांचा परिच्छेद सावकाश वाचण्याची तयारी मात्र हवी.

प्रथम, नेमके काय तपासले ते एका वाक्यात लिहा

कोरिन मॉस-राकुसिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये अमेरिकेतील 127 विज्ञान-प्राध्यापकांकडे प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला. काहींच्या अर्जावर ‘जॉन’ हे नाव होते, काहींच्या अर्जावर ‘जेनिफर’. जॉनला सरासरी 30,238 डॉलर वेतन सुचवले गेले आणि जेनिफरला 26,508 डॉलर. स्त्री आणि पुरुष, दोन्ही प्राध्यापकांत हा कल दिसला. पुढे 2015 मध्ये वेंडी विल्यम्स आणि स्टीफन सीसी यांनी अमेरिकेतील 873 प्राध्यापकांना सहायक प्राध्यापकपदाचे काल्पनिक उमेदवार निवडायला सांगितले, तेव्हा समान गुणवत्तेच्या स्त्रीला सुमारे दोनास एक या प्रमाणात पसंती मिळाली.

यांपैकी एक अभ्यास खोटा असला पाहिजे, असे वाचणाऱ्याला वाटते. पण पहिल्या अभ्यासातील उमेदवार नुकताच पदवी घेतलेला आणि मुद्दाम मध्यम गुणवत्तेचा दाखवला होता. दुसऱ्यातील उमेदवार उत्कृष्ट असल्याचे वर्णनातच स्पष्ट होते. गुणवत्तेबद्दल शंकेला जागा असते तिथे पूर्वग्रहालाही जागा मिळते, हे दोन्ही निष्कर्षांशी सुसंगत असे एक स्पष्टीकरण आहे. शिवाय दोन्हीकडे निर्णय कागदावरचा होता; प्रत्यक्ष नेमणूक कोणाचीच झाली नाही. माझ्या मते या विषयावरची निम्मी भांडणे याच पायरीवर मिटतात.

मग टक्केवारीचा छेद शोधा

‘स्त्रियांचे प्रमाण’ असे शब्द दिसले की कोणामधले प्रमाण, हे विचारावे. भारतात बी.एस्सी.ला मुली निम्म्याच्या आसपास असतात, बी.टेक.ला एक तृतीयांशाहूनही कमी आणि संशोधन संस्थांतील प्राध्यापकांत त्याहून बऱ्याच कमी. यांतला कोणता आकडा पुढे केला, यावर चित्र उजळ किंवा काळवंडलेले दिसते. वैद्यक धरले की वगळले, हेही पाहावे. केवळ ‘स्त्रिया’ एवढाच गट असेल तर जात, वर्ग आणि प्रदेश यांमधील अंतरे त्या सरासरीत बुडून जातात. ही उणीव मला भारतीय अभ्यासांच्या बाबतीत फार गंभीर वाटते.

निर्देशांकांबाबत, म्हणजे अनेक आकडे एकत्र करून काढलेल्या एका आकड्याबाबत, अधिक सावध असावे. स्त्री-पुरुष समता अधिक असलेल्या देशांत मुली या शाखांकडे कमी वळतात, असे गिजबर्ट स्टोएट आणि डेव्हिड गिअरी यांनी 2018 मध्ये मांडले. पदवीधरांतील स्त्रियांची साधी टक्केवारी वाटावी असा त्यांचा आकडा प्रत्यक्षात स्त्रियांचा आणि पुरुषांचा या शाखांकडे असलेला कल यांच्या गुणोत्तरावरून काढलेला होता. इतर संशोधकांना तो पुन्हा काढता आला नाही, आणि लेखकांना दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली.

कोणाला विचारले, आणि कोण सुटले?

आज नोकरीत असलेल्यांनाच प्रश्न विचारून सोडून गेलेल्यांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांच्या 2010 च्या अहवालाचे मोल इथे कळते. मूळच्या पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले त्याच्या लेखकांपैकी एक होत्या. या पाहणीत पीएच.डी. झालेल्या 568 स्त्रियांमध्ये संशोधनात टिकलेल्या तर होत्याच, पण दीर्घकालीन संशोधनाबाहेरच्या आणि अजिबात नोकरी न करणाऱ्याही होत्या. तुलनेसाठी पुरुषही घेतले होते. ‘घरच्या जबाबदारीमुळे बायका सोडतात’ असे सर्वजण गृहीत धरत असताना, मनासारखी नोकरीच मिळाली नाही हे कारण नोकरीबाहेरच्या स्त्रियांनी ठळकपणे सांगितले. सोडून गेलेल्यांना विचारले नसते, तर हे पुढे आलेच नसते.

तरीही सांगितलेले कारण आणि घडलेली गोष्ट यांत फरक असू शकतो. म्हणून शक्य असेल तिथे त्याच व्यक्तींचा काही वर्षे माग ठेवणारे अभ्यास शोधावेत. एरिन सेक आणि मेरी ब्लेअर-लॉय यांनी 2019 मध्ये अमेरिकेतील अशा माहितीवरून दाखवले, की पहिल्या अपत्यानंतर 43 टक्के स्त्रिया आणि 23 टक्के पुरुष या क्षेत्रांतील पूर्णवेळ नोकरीतून बाहेर पडतात. त्यांनी अपत्य नसलेल्यांशी तुलना केली, म्हणून हा आकडा वजनदार ठरतो.

‘इतर घटक समान धरल्यास’ या शब्दांपाशी थांबा

ही पायरी सर्वांत अवघड आहे. डोना गिंथर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची अनुदाने तपासली. शिक्षण, पूर्वीची अनुदाने आणि प्रकाशने अशा गोष्टी हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याची शक्यता सुमारे 10 टक्के-बिंदूंनी (म्हणजे दोन टक्केवारींच्या थेट वजाबाकीने) कमी होती. इथे विचारायचे ते असे, की पूर्वीचे अनुदान किंवा प्रकाशनांची संख्या हीच आधीच्या भेदभावाचा परिणाम असेल तर? मग ती ‘समान’ धरताना भेदभावाचा काही भाग हिशेबातूनच पुसला जातो आणि उरलेली तफावत खऱ्यापेक्षा लहान दिसते. ‘समान पदाला समान वेतन मिळते’ हा दावा असाच तपासावा. बढतीच समान मिळत नसेल, तर त्या तुलनेने फारसे काही सिद्ध होत नाही. उलट, काहीच हिशेबात न धरता काढलेली कच्ची तफावत म्हणजे सगळा भेदभाव, असेही म्हणता येत नाही. दोन्ही आकडे देणारा निबंध अधिक विश्वासार्ह मानावा.

शेवटी, नंतर काय झाले ते पाहा

मुली गणितात कमी असतात या समजाची आठवण करून दिली की त्यांचे गुण घटतात, हा निष्कर्ष अनेक छोट्या प्रयोगांतून प्रसिद्ध झाला. नेदरलँड्समधील 2,064 विद्यार्थ्यांवर 2018 मध्ये, पद्धत आधीच नोंदवून केलेल्या प्रयोगात तो परिणाम आढळला नाही. तसेच 2020 च्या नोव्हेंबरमध्ये स्त्री मार्गदर्शकांविषयी आलेला एक निबंध, सहलेखन म्हणजेच मार्गदर्शन हे गृहीतक टीकेत टिकले नाही म्हणून लेखकांनी डिसेंबरमध्ये मागे घेतला. त्याच्या बातम्या मात्र आजही सापडतात. तेव्हा कोणताही निबंध पुढे पाठवण्यापूर्वी नियतकालिकाच्या मूळ पानावर दुरुस्तीची किंवा माघारीची सूचना आहे का, हे पाहून घ्यावे.