काजू घालून केलेले कॅन्टोनीज पोर्क : यिउ ग्वो युक डिंग

दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये केल्या जाणाऱ्या या पदार्थाच्या नावातच त्याची अर्धी कृती आली आहे. ‘यिउ ग्वो’ म्हणजे काजू, ‘युक’ म्हणजे मांस (तिथे नुसते मांस म्हटले की बहुधा डुकराचेच समजतात) आणि ‘डिंग’ म्हणजे लहान चौकोनी तुकडा. म्हणून ३०० ग्रॅम पोर्क, एक गाजर आणि सेलरीचे दोन दांडे काजूच्या बेताने, साधारण सव्वा सेंटिमीटरचे कापावेत. मोठ्या आचेवर सगळे काही मिनिटांतच शिजायचे असल्याने तुकड्यांत लहानमोठेपणा राहिला, तर काही करपतात आणि काही कच्चे राहतात.

मांसाला एक मोठा चमचा सोया सॉस, एक लहान चमचा शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन), अर्धा चमचा साखर, चिमूटभर पांढरी मिरपूड आणि दोन चमचे पाणी चोळावे. पाणी मुरल्यावर एक चमचा कॉर्नफ्लोअर व थोडे तेल लावून वीस मिनिटे ठेवावे.

खरी कसोटी काजूंची आहे. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते गोव्यात आणले, त्यामुळे चांगला काजू ओळखणे आपल्याला अवघड नाही. शंभर ग्रॅम कच्चे, अख्खे गर घ्यावेत. पाकळी लवकर करपते, आणि भाजलेले खारे काजू पुन्हा तळल्यास कडवट होतात. गर मिठाच्या पाण्यात पाच मिनिटे उकळून, निथळून, पुरते कोरडे करावेत. मग थंड तेलात घालून मंद आचेवर सतत हलवत तळावेत आणि फिकट सोनेरी होताच काढावेत, कारण बाहेर काढल्यावरही त्यांचा रंग चढत राहतो.

आता कढई चांगली तापवून दोन चमचे तेलात मांस पसरावे, खालची बाजू तांबूस होईपर्यंत हलवू नये, मग परतून बाजूला काढावे. त्याच कढईत आले, लसूण आणि भाज्या मिनिटभर परताव्यात. यात वॉटर चेस्टनटही घालतात. तो आपला शिंगाडा नव्हे, निराळ्याच वनस्पतीचा कंद आहे आणि शिजल्यावरही कुरकुरीत राहतो. मांस परत घालून एक मोठा चमचा ऑयस्टर सॉस, एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर व चार चमचे पाणी यांचे मिश्रण कडेने सोडावे. रस चकचकीत होऊन तुकड्यांना चिकटला की आच बंद करावी आणि त्यानंतरच काजू मिसळावेत.

गरम वाफाळ भाताबरोबर लगेच वाढावे. काही उरवायचे असेल, तर तेवढ्या भागात काजू घालू नयेत.