वकील न लावता दावा चालवताना समोरच्याकडचे कागद कसे मिळवावेत

समन्स बजावलं गेलं, प्रतिवादीने कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दिली, इथून पुढचं सांगतो. कैफियतीची मुदत 30 दिवस, फार तर 90. त्यात आली नाही तर 'विना कैफियत'चा, म्हणजे कैफियतीशिवाय दावा पुढे चालवण्याचा हुकूम मागा. आली तर त्याच दिवशी प्रत घ्या. मुद्दे (कोर्टाने ठरवायचे वादाचे प्रश्न) निघेपर्यंतचा काळ कागद मागण्याचा. आपली मूळ कागदपत्रंही तोवर दाखल झालेली हवीत.

बहुतेक जण इथेच अडतात. 'प्रतिवादीने त्याच्याकडील सर्व संबंधित कागदपत्रे हजर करावीत' असा मोघम अर्ज अजिबात करू नका. मोबाइलवर फिरणारे नमुने असलेच असतात. त्यावर समोरचे वकील 'पुरावा गोळा करण्याचा प्रयत्न, अर्ज नामंजूर व्हावा' असा दोन ओळींचा से (लेखी म्हणणं) देतात. तारीखही जाते आणि अर्जही.

त्याऐवजी लाल पेन घेऊन कैफियत वाचा आणि जिथे जिथे कागदाचा उल्लेख आहे तिथे खूण करा. समजा, हातउसने दिलेल्या 2,40,000 रुपयांचा दावा आहे आणि परिच्छेद 7 मध्ये लिहिलंय, 'हिशेबाच्या वहीप्रमाणे संपूर्ण रक्कम परत केली.' ती वही आता मागता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 11, नियम 15 खाली नोटीस द्या. नमुना परिशिष्ट 'क'मध्ये 7 क्रमांकाला आहे. परिच्छेद, वही, कोणत्या महिन्यांची पानं, सगळं लिहा. त्यांच्या वकिलांच्या हातात देऊन आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर नोटीस दिलीच नाही असं समजा.

नोटीस मिळाल्यावर 10 दिवसांत त्याने तपासणीची वेळ कळवायची असते. टाळाटाळ केली तर तपासणीच्या हुकमासाठी नियम 18 खाली अर्ज करा. नियम 15 चा खरा जोर पुढे आहे: सबळ कारणाशिवाय वही दाखवली नाही, तर नंतर तीच वही तो स्वतःच्या पुराव्यात सहसा वापरू शकत नाही. कोर्टाने हुकूम करूनही दाखवली नाही तर नियम 21 खाली बचाव काढून टाकण्याची मागणी करता येते. मात्र कोर्ट हे पाऊल सहजी उचलत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

कैफियतीत उल्लेखच नसलेल्या कागदासाठी नियम 12 चा अर्ज, म्हणजे त्याच्याकडे कोणते कागद आहेत ते शपथेवर सांगायला लावण्याचा. या अर्जाला आपलं प्रतिज्ञापत्र लागत नाही.

प्रश्नावलीला (समोरच्याला लेखी विचारायचे प्रश्न) कोर्टाची परवानगी लागते आणि एका पक्षाला सहसा एकच संच देता येतो. उत्तर प्रतिज्ञापत्रावर, 10 दिवसांत. पाच-सात प्रश्न पुरेत: तारीख, रक्कम, सही कोणाची. उलटतपासणीचे हुकमी प्रश्न इथे उघड केलेत तर वकिलाच्या मदतीने घोटून घेतलेली उत्तरं हातात पडतील.

मुद्दे निघाल्यापासून 15 दिवसांत साक्षीदारांची यादी द्या.

व्यापारी वाद असेल आणि रक्कम 3 लाख किंवा वर असेल, तर आदेश 11 चं रूपच वेगळं आहे. वरचे नियम तिथे लावू नका.

दर तारखेला अर्जावर काय हुकूम झाला ते रोजनाम्यात (त्या दिवसाच्या कामकाजाची कोर्टातली नोंद) पाहूनच कोर्टाबाहेर पडा.