रॉ एडिटरबद्दल तक्रार किंवा मागणी करताय? या चुका टाळा

रॉ एडिटर म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या (रॉ) फाइलवर काम करणारं सॉफ्टवेअर. डार्कटेबल घ्या किंवा रॉथेरपी, दोन्ही फुकट मिळतात आणि बनवणारे बहुतेक जण आपापला नोकरीधंदा सांभाळून हे काम करतात. इथे कस्टमर केअर नाही. तरी रोज तक्रारी येतात, आणि त्यातल्या कित्येक अशा असतात: ‘एक्स्पोर्ट केल्यावर कलर बिघडतात, लवकर दुरुस्त करा.’ कुठला कॅमेरा, कुठलं व्हर्जन, बिघडतात म्हणजे नेमकं काय होतं, काहीच पत्ता नाही. अशी तक्रार महिनोन्‌महिने पडून राहते आणि मग आपणच म्हणतो, हे लोक ऐकत नाहीत.

बग नसलेल्या गोष्टीला बग म्हणणं

सगळ्यात जास्त तक्रारी याच असतात. डार्कटेबलमध्ये फोटो इम्पोर्ट केला की लाइटटेबलमध्ये (फोटोंच्या यादीत) छान दिसतो, डार्करूममध्ये (एडिटिंगच्या खिडकीत) उघडला की एकदम फिका पडतो. ‘सॉफ्टवेअरने माझा फोटो खराब केला!’ तसं काही झालेलं नसतं. जवळजवळ प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला एक छोटा जेपेग असतो. सुरुवातीला दिसतो तो हा जेपेग, कंपनीचं कलर प्रोफाइल आणि कॉन्ट्रास्ट लावलेला. डार्करूममध्ये मात्र खऱ्या रॉ डेटावर काम सुरू होतं. त्यात फुजीवर डीआर400 (डायनॅमिक रेंज वाढवायचं सेटिंग) लावून काढलेला फोटो असेल, तर कॅमेरा हायलाइट (फोटोतले उजळ भाग) वाचवण्यासाठी रॉ मुद्दाम दोन स्टॉप अंडर ठेवतो. तो काळपट दिसणारच. तिथे एक्स्पोजर वाढवायचं, तक्रार नाही करायची.

एक्स्पोर्टच्या कलरचंही तेच. अडोब आरजीबी प्रोफाइलमध्ये जेपेग काढला आणि प्रोफाइल न वाचणाऱ्या व्ह्यूअरमध्ये उघडला, की रंग मेलेले दिसतात. तोच फोटो एसआरजीबी या सर्वसाधारण प्रोफाइलमध्ये काढून बघा. फरक गेला तर प्रश्न मिटला. शार्पनेस आणि नॉइजबद्दल बोलायचं असेल तर आधी डार्करूममध्ये 100 टक्के झूम करा, कारण छोट्या प्रीव्ह्यूवर हिशेब वेगळा होतो. चेहरे भलतेच निळे किंवा पिवळे येत असतील तर व्हाइट बॅलन्स आणि कलर कॅलिब्रेशन (हे 2020 च्या डिसेंबरमध्ये 3.4 सोबत आलं) ही दोन्ही मॉड्यूल्स (एडिटिंगची साधनं) एकमेकांच्या डोक्यावर बसून काम करतायत का ते बघा. डार्कटेबल तसा इशाराही देतं, पण तो वाचतो कोण!

फाइल न देणं

खरंच बग असेल, तर वर्णनापेक्षा फाइल लाखमोलाची. रॉ फाइल आणि सोबतची साइडकार, म्हणजे तुमचं एडिटिंग साठवणारी छोटी फाइल: डार्कटेबलची एक्सएमपी किंवा रॉथेरपीची पीपी3. त्यात तुम्ही लावलेलं प्रत्येक मॉड्यूल आकड्यांसकट असतं, त्यामुळे डेव्हलपरला तुमचाच गोंधळ स्वतःच्या मशिनवर उभा करता येतो. नुसता स्क्रीनशॉट पाठवलात तर त्याने करायचं काय?

पण इथे एक गोष्ट लग्नाचे फोटोग्राफर हमखास विसरतात. तक्रारीला जोडलेली फाइल सगळ्या जगाला डाउनलोड करता येते. क्लायंटच्या घरच्या कार्यक्रमाचा फोटो, त्यात जीपीएस आणि कॅमेऱ्याचा सीरियल नंबर, असं काही टाकू नका. त्याच सेटिंगवर भिंतीचा, एलईडी माळेचा, टेबलावरच्या कपाचा फोटो काढा आणि तोच बग त्यात दिसतो का बघा. बहुतेक वेळा दिसतो.

जुनं व्हर्जन, घाईचं नवं व्हर्जन

उबुंटू 22.04 या लिनक्सच्या स्वतःच्या रेपोमधून (सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) डार्कटेबल घेतलं तर 3.8 मिळतं. त्यातला बग कदाचित कधीच दुरुस्त झालेला असेल. आधी चालू रिलीज टाका.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. ‘नाइटली बिल्डवर (रोज तयार होणाऱ्या कच्च्या व्हर्जनवर) तपासून सांगा’ असं उत्तर आलं की लोक थेट नाइटली उघडतात. ती उघडताच लायब्ररीचा डेटाबेस नव्या पद्धतीत बदलू शकते, आणि मग जुनं व्हर्जन तो उघडायला नकार देतं. वर एक्सएमपीही बदलतात. म्हणून नाइटलीला वेगळं कॉन्फिग फोल्डर द्या आणि फोटोंची कॉपी घेऊन त्यावरच चाचणी करा. चालू रिलीजही अशाच कोऱ्या कॉन्फिगने उघडून बघा; तिथे बग नाहीसा झाला, तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये आहे हेही कळतं. प्रेफरन्सेसमध्ये ओपनसीएल (ग्राफिक्स कार्डवर काम चालवायची सोय) बंद करून एकदा बघा. बंद केल्यावर सगळं सुरळीत चाललं तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, आणि तक्रारीत ते स्पष्ट लिहा.

चुकीच्या दारात उभं राहणं

लेन्सचं करेक्शन नाही? तो डेटाबेस लेन्सफन या वेगळ्या प्रोजेक्टचा. लेन्सच्या नावाऐवजी नुसता आकडा दिसतो? ते बघायचं एक्झिव्ह2 ने, म्हणजे फोटोची माहिती वाचणाऱ्या वेगळ्या प्रोजेक्टने. नव्या कॅमेऱ्याची फाइल उघडतच नाही, तर रॉ फाइल वाचणाऱ्या रॉस्पीडला तुमच्या कॅमेऱ्याच्या नमुना फाइल्स लागतात, त्याही प्रत्येक मोडच्या: 12 बिट, 14 बिट, लॉसलेस, लॉसी. एका फाइलवर भागत नाही. या नमुन्यांवरचे हक्क सोडून द्यावे लागतात, म्हणून आवडता फोटो देऊ नका.

काही ठिकाणी मागणी करून उपयोग नसतो हेही माहीत असू द्या. निकॉन झेड9 आणि झेड8 चं हाय एफिशिएन्सी कॉम्प्रेशन इन्टोपिक्स कंपनीच्या तंत्रावर चालतं, आणि तिथे या फुकट सॉफ्टवेअरचं अडतं. कॅमेऱ्यात लॉसलेस निवडा, विषय संपला.

काम न सांगता बटण मागणं

‘लाइटरूमसारखा क्लॅरिटी स्लायडर द्या.’ यावर उत्तर ठरलेलं: लोकल कॉन्ट्रास्ट वापरा. मागणी बंद. दोष मागणाऱ्याचा, कारण त्याला नेमकं काय करायचंय हे त्याने सांगितलंच नाही.

हेच असं लिहा: ‘हळदीच्या फोटोंमध्ये पिवळ्या मांडवाची झाक चेहऱ्यांवर येते. मी कलर कॅलिब्रेशनची दुसरी प्रत घेऊन चेहऱ्याभोवती मास्क (बदल तेवढ्याच भागावर लावणारी हद्द) काढतो, पण माणसं हलतात, त्यामुळे प्रत्येक फोटोत मास्क नव्याने सरकवावा लागतो. यात वेळ जातो.’ आता वाचणाऱ्याला अडचण दिसते. कोणीतरी म्हणेल, काढलेल्या मास्कऐवजी रंगछटेवर चालणारा पॅरामेट्रिक मास्क लावा, तो सगळ्या फोटोंवर जसाच्या तसा पेस्ट होतो. तुमचं काम त्याच दिवशी होईल. नाही झालं, तर मागणीत खरंच दम आहे हे सगळ्यांना कळेल.

एका तक्रारीत एकच मुद्दा. आधी जुन्या तक्रारी शोधा, आणि सापडलेल्या तक्रारीखाली ‘मलाही’ एवढंच लिहून येऊ नका; अडोबच्या मंचावर मतं मोजली जातात, इथे डेव्हलपर स्वतःला जे गरजेचं वाटतं ते हातात घेतो. मोडकंतोडकं इंग्रजी चालतं, फक्त स्क्रीनशॉट घेण्याआधी सॉफ्टवेअरची भाषा इंग्रजी करा, म्हणजे मॉड्यूलची नावं जुळतात. डार्कटेबलची मोठी रिलीज साधारण जूनमध्ये आणि नाताळच्या सुमारास येते, त्याआधी काही आठवडे नवं काही घेत नाहीत. डिसेंबरमध्ये केलेली मागणी त्या नाताळात येणार नाही, रागावू नका.

आणि उत्तर सापडलं तर नुसतं ‘झालं, धन्यवाद’ लिहून तक्रार बंद करू नका. कुठलं सेटिंग, कुठला ड्रायव्हर, कुठलं व्हर्जन, तेही त्याच जागी लिहा.