‘कॉलनायझेशन’ खेळायचंय? आधी मार्केट यार्डात एक चक्कर मारा

१९९४ साली मायक्रोप्रोजनं डॉस या जुन्या संगणक प्रणालीसाठी काढलेला ‘कॉलनायझेशन’ हा खेळ आज लावला, तर चित्रं ठिपक्याठिपक्यांची दिसतात आणि जहाज बोटभर लांबीचं. तरी एकदा बसलं की उठवत नाही. युरोपातल्या एका देशाच्या वतीनं अमेरिकेत गावं वसवायची, व्यापार करायचा आणि शेवटी आपल्याच राजापासून स्वतंत्र व्हायचं, असा हा खेळ. ब्रायन रेनॉल्ड्सनं रचलेल्या या खेळात लोकसंख्या म्हणजे नुसता आकडा नसतो. गावात आलेला एकेक माणूस हातानं उचलून कुठं तरी बसवावा लागतो: रानात, जंगलात, सुतारकामाला नाहीतर सभागृहात. आणि जवळजवळ प्रत्येक डावात प्रश्न एकच असतो, माल कच्चा विकायचा की पक्का करून? सांगलीत हळदीचे सौदे बघितलेल्या माणसाला हा खेळ निम्मा आधीच कळलेला असतो.

आधी तो चालू कसा करायचा ते. जीओजी या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर मूळ खेळ विकत मिळतो, त्यात डॉसचे खेळ आजच्या संगणकावर चालवणारा डॉसबॉक्स जोडलेलाच असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. आल्ट आणि एंटर दाबलं की पडदा पूर्ण होतो. कर्सर रखडत असेल तर कंट्रोल आणि एफ १२ दाबून वेग वाढवा, फार पळायला लागला तर कंट्रोल आणि एफ ११. तिरकी चाल नमपॅडवर, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवर, सोपी जाते. लॅपटॉपला नमपॅड नसेल तर साधा यूएसबीचा घ्या, नाहीतर किनाऱ्याकिनाऱ्यानं जहाज नेताना जीव जातो. पैसे घालायचे नसतील तर याच खेळावरून नव्यानं केलेला ‘फ्रीकॉल’ फुकट आहे. त्याला जावा लागतं. नियम बरेचसे तेच असले तरी बारकावे वेगळे आहेत, म्हणून खालचे आकडे मूळ खेळाचे धरा. डाव पाळीपाळीनं चालतो. कुणी हाक मारली तर उठून जाता येतं, पण लाईट जायच्या आत सेव्ह करत चला.

देश चार. इंग्लंडकडे माणसं लवकर येतात. फ्रान्सवर स्थानिक लोक उशिरा चिडतात. स्पेनला त्यांच्यावर हल्ला करताना दीडपट जोर मिळतो. हॉलंडला बाजारभाव टिकून राहतो, शिवाय सुरुवातीलाच चार कप्प्यांचं व्यापारी जहाज हाती येतं. इतरांना दोन कप्प्यांचं कॅराव्हेल. नवख्यानं डोळे झाकून हॉलंड घ्यावं.

सुरुवात १४९२ ची. जहाजात एक शिपाई आणि अवजारं घेतलेला एक पायोनियर, म्हणजे जमीन सुधारणारा माणूस, असतो. जमीन दिसली की चांगल्या जागेच्या शोधात वीस-वीस पाळ्या भटकू नका, इथंच निम्मे डाव बिघडतात. किनाऱ्यावरची, नदी जवळ असलेली आणि शेजारी सूचिपर्णी जंगल असलेली जागा दिसली की ‘बी’ दाबून गाव वसवा. गावाभोवतीचे आठ चौकोन कसता येतात. मधल्या चौकोनातून थोडं धान्य आणि एक नगदी पीक आपोआप येतं. गाव वसलं की जहाज लगेच युरोपला पाठवा, रिकामं असलं तरी. तिथं धक्क्यावर माणसं थांबलेली असतात.

पायोनियरकडे १०० अवजारं असतात आणि जंगलतोड, नांगरट किंवा रस्ता, प्रत्येक कामाला २० जातात. म्हणजे पाच कामं. ती उधळू नका.

एका माणसाला पाळीला २ धान्य लागतं. शिल्लक २०० झाली की नवा माणूस जन्मतो. पण गावात दोन घोडे ठेवले तर हीच शिल्लक घोडे खातात आणि वाढतात. लोकसंख्या अडली की बरेच जण शेतकऱ्याला दोष देतात, खरा दोष तबेल्याचा असतो.

सुतारकामाचं गणित पाठच करून ठेवा. बांधकाम हातोड्यांत मोजतात. साधा माणूस सुतारकामात पाळीला ३ हातोडे देतो, कसबी सुतार ६, आणि लाकूड गिरणी बांधली की कसबी सुताराचे १२ होतात. प्रत्येक हातोड्याला एक लाकूड लागतं. सूचिपर्णी जंगलात कसबी लाकूडतोड्या बरोबर १२ लाकडं काढतो. म्हणजे जोडी जमली. युरोपात लाकूडतोड्या ७०० ला आणि सुतार १००० ला शिकून मिळतो. हातात पहिले १७०० आले की ते इथंच घाला. तोफा घेऊ नका, प्रत्येक खरेदीबरोबर तोफेचा दर चढत जातो.

आता मालाचं. ऊस, तंबाखू, कापूस आणि कातडी हे चार कच्चे. रम, सिगार, कापड आणि कोट हे त्यांचे चार पक्के. आपल्याकडं ऊस घातला म्हणजे पुढं गुऱ्हाळ नाहीतर कारखाना आलाच, तसंच इथं उसामागं रमची भट्टी आलीच पाहिजे. नुसता ऊस जहाजात भरणारा खेळाडू शंभर वर्षं कंगाल राहतो. पहिल्या पायरीच्या भट्टीत साधा माणूस ३ उसाची ३ रम करतो, कसबी ६ ची ६. दुसऱ्या पायरीवर हे दुप्पट होतं. तिसरी पायरी म्हणजे कारखाना. ॲडम स्मिथ तुमच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या सभेत, जिथं तुम्ही एकेक नामवंत निवडून आणता, आल्याशिवाय तो बांधता येत नाही, पण त्यात ६ उसाची ९ रम निघते. त्यासाठी स्मिथला लवकर निवडा.

कसबी ऊसवाला युरोपात शोधत बसू नका. स्थानिक लोकांच्या गावात साधा माणूस राहायला पाठवला की ते गाव आपलं कसब शिकवतं, फुकट. वेठबिगारीच्या करारावर आलेलाही शिकतो. गुन्हेगाराला मात्र कुणी शिकवत नाही.

वखार बांधली नसेल तर एका मालाचे १०० नगच टिकतात, वखारीत २००, वाढवलेल्या वखारीत ३००. वरचा माल वाया जातो, आणि खेळ तो बिनबोभाट टाकून देतो. हरिपूरच्या पेवांत लोक हळद जमिनीखाली ठेवायचे ते भाव येईपर्यंत थांबता यावं म्हणून. वखारीचा उपयोगही तोच. चारही पक्क्या मालांचे भाव एकमेकांना बांधलेले आहेत. सलग तीन जहाजं रम ओतली तर रम पडते आणि सिगार-कापड वर सरकतं. म्हणून दोन गावांत दोन वेगळे माल ठेवा. चांदीचं मात्र जपून. सुरुवातीचा भाव चढा असतो, पण आवक वाढली की घसरतो आणि पहिल्या भावाला परत येत नाही.

इथं एक गोष्ट बोलून टाकू. खेळात रिकामी दिसणारी जमीन रिकामी नसते. चौकोन घेताना पैसे द्या, नाहीतर राग ओढवून घ्या, असा पर्यायच समोर येतो. गुलामांचा व्यापार तर खेळातून गाळलेलाच आहे. ज्या साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये डलहौसीनं वारस नाही म्हणून खालसा केलं, तिथल्या माणसाला हा डाव नेमका कुणाच्या बाजूनं चाललाय ते सांगावं लागत नाही. पीटर मिनुइट काँग्रेसमध्ये आला की जमिनीचे पैसे मागणं बंद होतं. खेळाच्या दृष्टीनं ही सोय आहे, एवढंच.

मग राजा. तो कर वाढवत राहतो. प्रत्येक वाढीच्या वेळी वाद एखाद्या मालावर असतो. नकार दिला तर तुमचे लोक तो माल समुद्रात फेकतात आणि युरोपात त्या मालावर बहिष्कार पडतो. म्हणून वाढ मान्य करायची की नाही हे कुठल्या मालावर वाद आहे ते बघून ठरवा. खनिजावर असेल तर खुशाल नकार द्या. रमवर असेल आणि तीच तुमची भाकरी असेल तर निमूट भरा. याकोब फुगर आला की जुने बहिष्कार उठतात.

पण सगळ्यात जास्त डाव हरवतात त्या घंटा, म्हणजे स्वातंत्र्याच्या प्रचाराचं माप. सभागृहात बसवलेला साधा माणूस पाळीला ३ घंटा देतो, मुरलेला राजकारणी ६. छापखान्यानं दीडपट होतात, वर्तमानपत्रानं दुप्पट. घंटांमुळं स्वातंत्र्यवाद्यांचा टक्का वाढतो. ५० टक्क्यांना त्या गावातल्या प्रत्येकाचं उत्पादन १ नं वाढतं, १०० टक्क्यांना २ नं. उलट राजनिष्ठांची संख्या सोप्या पातळीवर १० आणि सगळ्यात कठीण पातळीवर ६ झाली, की उत्पादन घटतं. गाव वाढलं तरी माल कमी का, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. पाचवा माणूस आला की एकाला सभागृहात बसवाच.

राष्ट्रीय टक्का ५० झाला की स्वातंत्र्य जाहीर करता येतं, पण लगेच करू नका. कुंडलच्या बाजूला १९४३ ते १९४६ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार टिकलं ते गावोगाव न्यायदान मंडळं आणि तुफान सेना उभी होती म्हणून. इथंही आधी घडी बसवा. बंदूक तयार करायला खनिजातून अवजार आणि अवजारातून बंदूक अशा दोन पायऱ्या आहेत. शिपायाला ५० बंदुका, घोडेस्वाराला वर ५० घोडे. घोडेस्वार हरला तर घोडे जातात आणि शिपाई उरतो, म्हणजे त्याला दोन जीव. प्रत्येक बंदराला निदान लाकडी तटबंदी हवी. ६४ हातोडे लागतात, गावात तीन माणसं लागतात.

जाहीर करण्याआधी युरोपातली सगळी जहाजं परत बोलवा, तिथं असतील ती गेली समजा. राजाचं सैन्य बंदराशेजारी उतरतं. ते उघड्यावर असताना तुम्ही हल्ला केलात, तर ते ज्या चौकोनात उभे असतील त्याचा फायदा तुम्हाला मिळतो. म्हणून बंदराला लागून असलेलं जंगल शेतीसाठी तोडू नका. गावातल्या तोफा गावातच ठेवा. उघड्यावर तोफ फार दुबळी पडते. आणि लढाई पेटली म्हणून सभागृहातल्या माणसांच्या हातात बंदुका देऊ नका. जाहीरनाम्यानंतरच्या घंटा पुरेशा साठल्या की दुसरा युरोपीय देश फौज आणि जहाजं घेऊन तुमच्या मदतीला येतो, आणि तोपर्यंत दोन-तीन बंदरं हातची गेली तरी डाव संपलेला नसतो.