रोजच्या ऑफिससाठी एमटीबीचे टायर

एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, डोंगरवाटांची सायकल. ती रोज ऑफिसला न्यायची तर टायरची रुंदी राहू द्या, नॉबी (जाड गाठींचे) टायर तेवढे काढा. डांबरावर ते नुसते घरघरतात आणि दमवतात. आधी जुन्या टायरच्या बाजूवरचा आकडा वाचा. ५४-५५९ (मिमीमध्ये टायरची रुंदी आणि टायर बसतो तिथला रिमचा व्यास) असेल तर चाक २६ इंची. नव्या स्लिक (गुळगुळीत) टायरवरही ५५९ हवंच. रुंदी ४० ते ५० मिमी चालेल. २९ इंचीला ६२२ पाहा.

खरी गंमत हवेत आहे. ७० किलोच्या स्वाराने ५० मिमी टायरमध्ये पुढे ३५, मागे ४० पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी. फार कमी हवेत खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमशी चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. उलट, टायरवर छापलेली कमाल हवा भरली तर हात बधिर होतात. सपाट रस्त्यावर सस्पेन्शन लॉक करा, असेल तर.