कोर्टात ‘कबूल’ म्हणण्याआधी थांबा

गावाहून येऊन मला नवी मुंबईत घणसोलीला एकोणीस वर्षं झाली. खोलीचं डिपॉझिट, रबाळे एमआयडीसीतलं काम याबद्दल सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मला वेगळंच सांगायचंय.

माझा भाचा बीडहून आला त्याला तीन महिने झाले होते. गाडी लावण्यावरून गल्लीत धक्काबुक्की झाली आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. तारखेला तपासी अंमलदारांनी त्याला कोर्टाच्या जिन्यातच गाठलं. “कशाला चकरा मारतोस? कबूल म्हण, थोडा दंड भर, दुपारी कामाला जा.” खाडा पडला की रोज बुडणार, पोरगं घाबरलेलं. पहिला हात समोरच्याने उचलला होता, तरी हा “हो साहेब” म्हणाला. दंडाची पावती घडी करून खिशात घालून घरी आला, चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद. दीड महिन्याने कंपनीसाठी पोलीस पडताळणी झाली तेव्हा कळलं, दंड हीसुद्धा शिक्षाच असते. माझ्या जिवाला फार लागलं. त्या दिवशी मी सोबत जायला हवं होतं.

गुन्हा कबूल करायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं, अंमलदारांनी नाही. पोलिसांपुढची कबुली तुमच्याविरुद्ध कोर्टात शाबीत करता येत नाही, पण न्यायाधीशांपुढे “कबूल” म्हणालात तर तिथल्या तिथे शिक्षा होऊ शकते. आरोप समजला नसेल तर तसं सांगा. कोणी धाक किंवा आमिष दाखवलं असेल तर तेही सांगा. तुमची कबुली मानलीच पाहिजे असं न्यायाधीशांवर बंधन नसतं. कायद्यात कबुलीच्या बदल्यात कमी शिक्षा अशा तडजोडीचा रस्ता आहे, पण काही गुन्ह्यांपुरताच, आणि तो लेखी अर्जाने सुरू होतो. तुम्ही स्वखुशीने आलात का हे न्यायाधीश बंद दाराआड विचारतात. जिन्यातली बोलणी म्हणजे तो रस्ता नव्हे.

बोलून बसला असाल तर दिवस मोजा. कबुलीनंतर अपील झालंच तर शिक्षा किती आणि कायद्याला धरून आहे का, एवढ्यापुरतंच. दोषी ठरवणंच रद्द करायचं तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल तपासून घ्यायचा अर्ज, ९० दिवसांच्या आत. त्याआधी रोजनाम्याची, म्हणजे तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची, आणि कबुली नोंदवलेल्या कागदाची नक्कल काढा. भाच्याच्या कागदावर ‘गुन्हा कबूल आहे’ एवढं छापील वाक्य आणि खाली त्याची वाकडी सही. आरोप समजावल्याची ओळ कोरी. वकिलांनी त्या कोऱ्या ओळीवरच बोट ठेवलं. कमी शिक्षेच्या आमिषाने घेतलेली कबुली घटनेच्या कलम २१ विरुद्ध, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काविरुद्ध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच गुजरातमधल्या भेसळीच्या खटल्यात म्हटलंय आणि तो खटला पुन्हा चालवायला लावलाय.

वकिलाला पैसे नसले तर फुकट वकील देणाऱ्या ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं, यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो.

भाच्याचा अर्ज मंजूर झाला. म्हणजे तो निर्दोष सुटला असं नाही. खटला पहिल्यापासून सुरू झालाय. आता बेलापूर कोर्टातल्या तारखांना तो अर्धा दिवस रजा टाकून जातो, आणि मी सोबत असतो.