विसर्गाचा आकडा आणि रखवालदाराचा प्रश्न

जलविज्ञानाचे शिक्षण संपवून मी कामाला लागले, तेव्हा सिंहगड रस्त्यावरील नदीकाठच्या एका सोसायटीत खडकवासला धरणाच्या विसर्गाविषयी, म्हणजे धरणातून नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याविषयी, बोलण्याचे काम माझ्याकडे आले. पावसाचे आलेख, साठ्याची टक्केवारी, क्युसेकचे तक्ते असे सारे मी दाखवले. सभासदांनी ते शांतपणे ऐकले आणि चहा घेऊन ते घरी गेले. खुर्च्या आवरता आवरता तेथील रखवालदाराने मात्र विचारले, “ताई, रात्री दोनला मेसेज आला तर मी आधी कुणाला उठवायचं?” माझ्या चाळीस स्लाइडमध्ये याचे उत्तर नव्हते.

पुढच्या सभेत, त्याची परवानगी घेऊन, मी त्याच प्रश्नापासून सुरुवात केली. मध्यरात्र आहे, तळघरातील पार्किंगमध्ये गाड्या आहेत आणि मोबाइलवर ‘विसर्ग १०,००० क्युसेक’ असा संदेश आला आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे २८ टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होत आहेत. हाच आकडा पहिल्या सभेतही मी दिला होता, पण तेव्हा तो कोणालाच नको होता. गोष्टीतील माणसाला निर्णय घ्यायचा असतो त्या क्षणी आकडा आला, तरच श्रोता तो मागून घेतो, हे मी गोष्टीतून विज्ञान समजावू पाहणाऱ्या नवोदितांना सर्वांत आधी सांगेन.

त्यानंतर हमखास येणारा आक्षेप असा, की उन्हाळ्यात टंचाई होते, तर पावसाळ्यात हे पाणी सोडतातच कशाला? येथे मी श्रोत्यांना दरवाजे उघडणाऱ्या अभियंत्याच्या जागी उभे करते. वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांची मिळून साठवण सुमारे २७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यांच्या खाली असलेल्या खडकवासल्याची जेमतेम २ टीएमसी. तीन मोठे हंडे एका लहान पातेल्यात ओतायचे असतील, तर पातेले आधीपासून थोडे रिकामे ठेवावे लागते. उपमा मात्र कोठे संपते हेही तेथेच सांगावे: हंड्यांत पाऊस पडत नाही, धरणांच्या पाणलोटात तो पडतच राहतो, म्हणून वरची धरणे भरल्यानंतर अभियंत्याच्या हातात फार थोडा वेळ उरतो.

गोष्ट आणि तत्त्व यांची गाठ कशी मारावी, हे मी सदाशिव पेठेतील नारद मंदिरात कीर्तने ऐकताना शिकले. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचे निरूपण होते, उत्तररंगात आख्यान येते आणि शेवटी बुवा पुन्हा मूळ पदाकडे वळतात. आख्यान कितीही रंगले तरी ते त्या पदाला बांधलेले राहते. माझी सुरुवात आख्यानाने होते, इतकाच फरक. जी गोष्ट वगळली तरी संकल्पना तितकीच समजते, ती मी काढून टाकते, मग ती कितीही सुरेख असो.

पुण्यात या विषयावर बोलताना एक मोह फार मोठा असतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या पुराच्या आठवणी ज्येष्ठांच्या मनात आजही जाग्या आहेत आणि तो दिवस नुसता उच्चारला तरी सभागृह स्तब्ध होते. परंतु ते धरण फुटणे होते आणि आजचा विसर्ग हे नियोजित काम आहे. भीतीच्या बळावर ही सरमिसळ केली, तर लोक पटकन पटतात, पण चुकीची गोष्ट पटवून घेऊन घरी जातात आणि पुढच्या साध्या विसर्गालाही घाबरतात. म्हणून मी १९६१ चा उल्लेख केला, तर हा फरक त्याच वाक्यात सांगते.

तयारीसाठी मी गोष्ट आधी एका अनोळखी व्यक्तीला सांगते आणि ती तिच्याकडून परत ऐकते; ती जेथे अडखळते, तेथे माझ्या सांगण्यातील दुवा निसटलेला असतो. त्या रखवालदाराने हंडे-पातेल्याची गोष्ट नीट सांगितली, पण ‘एकदा सोडलं की पाणी वाढतच जातं’ असे शेवटी जोडले. पाऊस ओसरला की विसर्ग कमीही करतात, हे वाक्य मी त्या दिवशी गोष्टीत घातले.